आधी आतलं पान

यंदाच्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या सोसायटीत मुलांसाठी 'हाताने भेटकार्ड करूया' असा कार्यक्रम ठेवला होता. मी निवृत्त शिक्षिका, त्यात वेळच वेळ, म्हणून सेक्रेटरींनी मला पकडलं. मीही आनंदाने हो म्हटलं. वीस-बावीस मुलं जमली. खाली सतरंजी, मध्ये कार्डशीट, घोटीव कागद, टिकल्या, कात्र्या, डिंकाच्या बाटल्या असा सगळा सरंजाम. मी मुलांना सांगितलं, "पहिली पंधरा मिनिटं चांगल्या कागदाला कुणीही हात लावायचा नाही. हे पाठकोरे कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि आधी रफ काढा. काय कुठे येणार ते चौकोन आणि गोल काढून ठरवा. कात्री नंतर."

एका मुलाची आई मागे उभी होती. ती पुढे येऊन म्हणाली, "काकू, रागावू नका हं, पण रफ वगैरे कशाला? मुलांना मोकळेपणाने करू दे ना. अशाने त्यांची क्रिएटिव्हिटी मारली जाते." मुलांसमोर वाद नको म्हणून मी हसून सोडून दिलं. पण मनातून काही गेलं नाही.

रात्री भाचीचा फोन आला. ही माझ्या भावाची मुलगी, न्यू जर्सीत असते आणि तिला भेटकार्डं करायचा मोठा नाद आहे. तिला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल. घेतली, पण कशी? म्हणाली, "आत्या, स्केच हवंच. पण मुलांना ते काढायला कशाला लावतेस? तयार स्केचेस मिळतात की! चौकोन कुठे, पट्टी कुठे, गोल कुठे, सगळं ठरलेलं असतं. आपण फक्त कागद कापायचे आणि त्या त्या जागी चिकटवायचे. डोक्याला त्रास नाही."

घ्या! एक म्हणते स्केच नकोच, दुसरी म्हणते स्केच हवं पण दुसऱ्या कुणीतरी काढलेलं. माझी अवस्था मृदंगासारखी झाली, दोन्हीकडून थापा. आता गप्प बसले तर माझी छत्तीस वर्षांची मास्तरकी वाया गेली असं होईल. म्हणून हा लेख. दोघींशीही भांडायचं आहे, पण प्रेमाने.

आधी स्केच म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की स्केच म्हणजे चित्राची पेन्सिलीतली प्रत. तसं नाही. कार्डाचं स्केच म्हणजे नुसत्या जागांचा नकाशा. एक उभा आयत काढायचा, म्हणजे ते कार्ड. त्याच्या खालच्या तिसऱ्या भागात एक आडवी पट्टी. पट्टीवर थोडा चढलेला एक गोल. वर उजवीकडे तीन ठिपके. झालं. त्या गोलात पणती येईल, मोर येईल किंवा आजोबांचा चष्मा येईल, ते स्केच सांगत नाही. पट्टी हिरव्या कागदाची की जुन्या साडीच्या काठाची, तेही सांगत नाही. ते एवढंच सांगतं की इथे मोठी गोष्ट आहे, इथे छोटी, आणि इथे काही नाही. तेच स्केच आडवं फिरवा, निराळं कार्ड होतं. आरशात बघावं तसं उलटं करा, आणखी निराळं.

हे आपल्याला नवं आहे का? दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना जाऊन विचारा. आधी ठिपके, मग रेघा. ठिपक्यांची जाळी तीच, पण आईची कमळं निराळी, मावशीची निराळी, आणि शेजारच्या काकूंचं तर कासव! ठिपक्यांनी त्यांची प्रतिभा मारली असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट ठिपके चुकले की भल्याभल्यांची रांगोळी फसते. आमच्या पिढीतल्या ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या त्यांना 'संकल्पचित्र' आठवत असेल. आधी आकाराची वाटणी करायची, मग त्यात नक्षी. तीच ही गोष्ट.

आता त्या तरुण आईच्या आक्षेपाकडे वळते. तिचं म्हणणं, हाताने केलेलं म्हणजे आतून आलेलं, आणि आतून येणारी गोष्ट आधी आखायची नसते. ऐकायला फार छान वाटतं. पण मी वर्गात छत्तीस वर्षं काय पाहिलं ते सांगते. मुलाच्या हातात एकदम कोरं, पांढरंशुभ्र, विकत आणलेलं कार्डशीट द्या. दोनपैकी एक गोष्ट होते. भित्रं मूल एका कोपऱ्यात एवढीशी पणती काढतं आणि कागद खराब होईल म्हणून तिथेच थांबतं. धीट मूल मधोमध भलं मोठं चित्र काढतं, मग वर टिकल्या, मग चमकी, मग फुलं, आणि शेवटी त्याच्या लक्षात येतं की अरे, 'शुभ दीपावली' लिहायचं राहिलंच! मग उरलेल्या बोटभर जागेत ते लिहायला घेतं. 'शुभ' ऐसपैस होतं, 'दीपा' जरा आक्रसतं, 'व' काठाला टेकतो आणि 'ली' बिचारी खालच्या ओळीत एकटी. शिक्षक असाल तर ही एकटी 'ली' तुम्ही शंभरदा पाहिली असेल. त्यात मोकळेपणा कुठला? ते मूल तेव्हा रडवेलं झालेलं असतं, कारण कागद दुसरा नसतो.

पाठकोऱ्या कागदावर मात्र ते बिनधास्त असतं. विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूला सहा आयत काढा, एका मिनिटात एक. पहिला नेहमीसारखा येतो. दुसरा शेजाऱ्याचं बघून. तिसऱ्या-चौथ्यापासून मूल खोडकर व्हायला लागतं. पणती उलटी का नको? पणती कार्डाच्या बाहेर अर्धी गेली तर? कार्ड खालून वर उघडलं तर? तुम्ही ज्याला क्रिएटिव्हिटी म्हणता ती इथे, या फुकटच्या कागदावर जागी होते. चुकायची भीती नसते तिथेच ती येते. स्केच नको म्हणणारे लोक मुलाची पहिली कल्पना हीच त्याची खरी कल्पना असं धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. पहिली कल्पना बहुतेक वेळा दुसऱ्याची असते, कुठेतरी पाहिलेली. आपली चौथी असते.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही फार ठासून बोलताय, पण शाळेत तुमच्यासारख्या बायकांनीच सगळ्या मुलांकडून एकसारखी कार्डं करून घेतली. खरं आहे. ते मी नाकारत नाही. उलट तेच सांगायला बसले आहे.

१९८१ साल. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीआधी सहावीच्या वर्गाला कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्ड करायला दिलं. मी फळ्यावर स्केच काढलं. डाव्या बाजूला घडी, वर उजवीकडे आकाशकंदील, खाली पणत्यांची ओळ, मध्ये 'शुभ दीपावली', आत चार ओळींचा मजकूर. तोही फळ्यावर लिहून दिलेला. अठ्ठेचाळीस मुलांनी अठ्ठेचाळीस कार्डं केली. एक सोडून सगळी सारखी. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे आज लिहायलासुद्धा लाज वाटते.

जे एक निराळं होतं ते एका मुलीचं. तिने बाहेर पणत्या काढल्या होत्या, पण कार्ड उघडलं तर डाव्या पानावर तिचं स्वतःचं दोन ओळींचं लिखाण, आणि उजवं अख्खं पान कोरं. कोरं म्हणजे नुसतं कोरं नव्हे. पेन्सिलीने फिकट दोन चौकोन आखलेले, एक मोठा, एक लहान, आणि आत काही नाही. मी विचारलं, "ही जागा रिकामी का?" ती हळूच म्हणाली, "बाई, ती आईची जागा आहे." मी म्हटलं, "आई काय कागदावर येऊन बसणार आहे का?" वर्ग हसला. मी दहापैकी चार गुण दिले आणि शेरा मारला, 'अपूर्ण'.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिची आई माझ्या घरी आली. पदर सावरत, संकोचत म्हणाली, "बाई, पोरीनं बापाला दिवाळीचं कारड धाडलं व्हतं. मला लिवाया येत न्हाई. मग मी तितं कुक्वाचं बोट उठवलं. धाकल्याचा पंजा उठवला. त्यांनी गिरणीत समद्यांना दाखवलं म्हनं." तिचा नवरा मुंबईत कापड गिरणीत होता. त्या भागातल्या निम्म्या घरांतले बाप तेव्हा मुंबईत असत. मी वाण दिलं, तिळगूळ दिला आणि एक शब्द बोलू शकले नाही.

मोठा चौकोन आईचा होता, लहान चौकोन भावाच्या पंजाचा. मुलीने आधी ठरवलं होतं की या कार्डावर तीन माणसं येणार आहेत, आणि तिघांची जागा आखून ठेवली होती. वर्गातलं एकमेव खरं स्केच तेच होतं. बाकी सत्तेचाळीस जणांनी माझ्या फळ्याची नक्कल केली होती. आणि मी तिच्या आखलेल्या जागेला रिकामी म्हटलं होतं.

ती आई आली त्याच दिवसांत, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा लांबला ते सगळ्यांना माहीत आहे. काही महिन्यांनी तिचा बाप गावी परत आला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरीत ती मुलगी नव्हती. वर्गासमोर तिचं हसं केलं होतं, तर वर्गासमोरच तिची माफी मागायला हवी होती. जानेवारीपासून सुट्टी लागेपर्यंत मला त्यासाठी भरपूर वेळ होता. मागितली नाही. तेव्हा बाईंनी विद्यार्थ्यांची माफी मागायची पद्धत नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले. पद्धत नव्हती हे खरं, पण ते कारण नव्हे.

असो. तर सांगत काय होते... एकसारखी कार्डं होतात म्हणून स्केचला दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दोष स्केचचा नव्हता, पेन्सिल माझ्या हातात होती हा दोष होता. मुलांच्या हातात पेन्सिल द्या आणि गप्प बसा, मग बघा. यंदा सोसायटीत मी तेच केलं. फळा मागितला नाही.

आता माझ्या भाचीकडे वळते. बाळा, तुझी कार्डं सुंदर असतात. कागद इतके नेटके कापलेले, एकाखाली एक, प्रत्येक वेळी बाहेर तीन मिलिमीटरची कड सारखी सुटलेली, की मी भिंग घेऊन बघते. गेल्या दिवाळीचं तुझं कार्ड तर पाच थरांचं होतं. वर फुलं, रिबीन, मोती. पाकिटात मावत नव्हतं म्हणून तू डबीतून पाठवलंस. मी कौतुकाने उघडलं. आत छापील 'हॅपी दिवाली' आणि खाली तुझं नाव. बस. मी उलटंपालटं करून पाहिलं, मागेही काही नाही. अंगभर दागिने आणि तोंडात शब्द नाही, असं ते कार्ड होतं. मला तुझ्या मुलाची दाढ आली का ते हवं होतं गं!

याला तू जबाबदार आहेस असं मी म्हणत नाही. तुझी तयार स्केचेस जबाबदार आहेत. मी तू पाठवलेली वीस-पंचवीस बघितली. एकूण एक सगळी बाहेरच्या पानाची. आतल्या पानाचं एकही नाही. जणू कार्ड म्हणजे भिंतीवर लावायचं चित्र, उघडायचं नसतंच! आणि बाहेरच्या पानावर तरी काय? शब्दांसाठी एक चिंचोळी पट्टी, काडेपेटीच्या कडेएवढी.

त्या पट्टीत इंग्रजी अक्षरं बसतात. तिथे 'हार्दिक शुभेच्छा' लिहून बघा. 'र्दि'चा रफार आणि वेलांटी वर जाणार, 'शु'चा उकार खाली येणार. आपलं अक्षर तीन मजली असतं. मधला मजला, वर माडी, खाली तळघर. तेवढ्याच रुंदीची पट्टी ठेवली की एकतर माडी कापली जाते किंवा अक्षर इतकं बारीक काढावं लागतं की माझ्यासारखीला चष्म्यावर चष्मा लावावा लागेल. मराठी कार्डाची पट्टी इंग्रजीपेक्षा उंच हवी, हे तयार स्केच तुम्हाला सांगणार नाही. ते काढणाऱ्याच्या मनात आपली वेलांटी नव्हतीच, त्याचा काय दोष?

मापांचंही तसंच. अमेरिकेतला नेहमीचा कागद साडेआठ बाय अकरा इंची. त्याचे दोन भाग करून घडी घातली की सव्वाचार बाय साडेपाच इंची कार्ड होतं. बरीचशी तिकडची स्केचेस त्या मापाला धरून असतात. आपला ए-फोर कागद अर्धा करून दुमडला की साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटर, म्हणजे रुंदीला थोडा कमी आणि उंचीला सुमारे आठ मिलिमीटर जास्त. फरक लहान आहे. पण तिकडची मापं आंधळेपणाने इकडे उतरवली की कड एका बाजूला जाड आणि दुसरीकडे गायब. मग तुम्ही म्हणता, माझ्या हातात कला नाही. कला आहे, फुटपट्टी दुसऱ्याची आहे.

आणि शब्दांना जागा ठेवायची ही काही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नाही. १८४३ साली लंडनला हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड करून घेतलं. विक्रीला आलेलं पहिलं नाताळ कार्ड म्हणून ते ओळखलं जातं. किंमत एक शिलिंग. आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायला वेळ पुरेना म्हणून कोल साहेबांनी ही युक्ती काढली होती, म्हणजे हा माणूसही तुमच्याआमच्यासारखाच घाईतला. त्या कार्डाची मांडणी बघा. मधल्या मोठ्या चौकटीत मेजवानीला बसलेलं कुटुंब. दोन्ही बाजूंच्या अरुंद चौकटींत गरिबाला अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. आणि वर 'टू' असं लिहून पुढे कोरी जागा, खाली 'फ्रॉम' लिहून पुढे कोरी जागा. छापील कार्डातही हॉर्सलींनी घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची जागा आखून ठेवली. आपल्याकडे दीनानाथ दलालांची 'दीपावली'ची जुनी मुखपृष्ठं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी ती पुन्हा आठवावीत. मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराला अंकाच्या नावाची जागा सोडूनच चित्र रचावं लागतं. चित्र पूर्ण करून मग नाव कुठे घालू असं विचारत बसला तर त्याला दुसरं काम मिळणार नाही.

मग हाताने, एकाच माणसासाठी कार्ड करणारे आपणच शब्दांना शेवटी का आठवतो?

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी मोठ्याने म्हणते. स्केच काढा, स्वतः काढा, आणि ते आतल्या पानापासून काढा.

मी कसं करते ते सांगते. बघा पटतंय का.

पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन मी फक्त मजकूर लिहिते. कार्ड कुणाला, आणि त्याला काय सांगायचं आहे? 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' हे कुणालाही सांगता येतं. या माणसालाच सांगण्यासारखं काय आहे? माझ्या वहिनींना ऐंशी पूर्ण झाली. त्यांना मी लिहिलं की तुम्ही पहिल्यांदा मला स्टोव्ह पेटवायला शिकवलात तेव्हा माझ्या भुवया जळाल्या होत्या आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. एवढं लिहिलं की ओळी मोजायच्या. वहिनींना मोतीबिंदू, म्हणजे अक्षर बोटभर उंच हवं. बोटभर उंचीच्या सात ओळी साध्या ए-फोरच्या अर्ध्या कागदाच्या घडीत मावत नाहीत. म्हणजे कार्ड मोठं हवं. बघा, मापसुद्धा मजकुराने ठरवलं!

मग आतल्या पानाचा आयत. त्यात मजकुराचा चौकोन, चारी बाजूंनी मोकळी कड. आणखी कोण सही करणार आहे? त्यांचे चौकोन. नातवाला लिहिता येत नाही? त्याच्या हाताच्या पंजाची जागा. हे त्या मुलीकडून शिकले.

त्यानंतर बाहेरचं पान. मजकुरातलीच एक वस्तू उचलायची. वहिनींच्या कार्डावर स्टोव्ह आला. पितळी टाकी, तीन पाय, वर निळी ज्योत. दुकानात असलं कार्ड मिळेल का? सहा रफ काढले. चौथ्यात स्टोव्ह अगदी खाली उजव्या कोपऱ्यात गेला आणि वर सगळी मोकळी जागा राहिली. तोच ठेवला. मोकळ्या जागेला घाबरू नका. तिथे काहीतरी चिकटवायलाच हवं असं नाही.

मग कार्डशीट. अडीचशे ते तीनशे जीएसएमचं असलं तर उभं राहतं. जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर चिरा पडतात, म्हणून संपलेल्या रिफीलने फुटपट्टीला धरून आधी एक दाबरेघ ओढायची. कागदाला धागा असतो, कापडासारखा. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तिकडे घडी घाला. कापलेले तुकडे डिंक न लावता नुसते मांडून बघायचे, आणि शक्य असेल तर तसेच रात्रभर ठेवायचे. सकाळी एखादा तुकडा नकोसा वाटतोच. आणि हो, डिंक लावण्याआधी पाकीट हाताशी घेऊन मापून बघा. कार्ड झाल्यावर पाकीट शोधणं म्हणजे वरात निघाल्यावर घोडा शोधणं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. दुःखाच्या प्रसंगी कार्ड पाठवायचं असेल तर सगळ्यात जास्त विचार मांडणीचा करा. तिथे तीनच ओळी असतात आणि बाकी पान कोरं असतं. ते कोरं पान विचार करून सोडलेलं आहे की आळसाने राहिलेलं आहे, हे घेणाऱ्याला लगेच कळतं. कसं ते मला सांगता येणार नाही, पण हे गेले तेव्हा आलेल्या कार्डांत मला कळलं होतं.

आता शेवटचा आक्षेप, तो माझ्या मुलाचा. "आई, हल्ली कार्डं पाठवतं कोण? व्हॉट्सॲपवर शंभर शुभेच्छा येतात." येतात ना. मीही पुढे ढकलते, खोटं कशाला बोलू. पण त्या चित्रांचं स्केच कधी काढून बघा. मी एकदा गंमत म्हणून काढलं. सूर्य, फूल, देव, सुविचार, चहाचा कप, खाली पाठवणाऱ्या ग्रुपचं नाव. सगळी जागा भरलेली. त्यात माझं नाव येईल एवढी जागा नव्हती आणि पाठवणाऱ्याचं येईल एवढीही नव्हती. म्हणूनच ते शंभरांना एकदम पाठवता येतं. ज्यात कुणाची जागा नाही ते कुणालाही चालतं.

संध्याकाळी सोसायटीतला कार्यक्रम संपला तेव्हा त्या तरुण आईचा मुलगा सगळ्यात शेवटी उठला. त्याने पाठकोरे चार कागद भरले होते. कार्ड काही फार देखणं नव्हतं, खरं सांगते. आकाशकंदील भोपळ्यासारखा दिसत होता. पण आतल्या पानावर त्याने एक लांबट चौकोन आखून मोकळा ठेवला होता. मी विचारलं, "हे कुणाचं?" 'रिकामी का' असं विचारलं नाही, तेवढं आता शिकले आहे. तो म्हणाला, "ही पप्पांची. ते उशिरा येतात." त्याची आई बाजूला उभी होती. तिचं मत बदललं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

त्या सहावीतल्या मुलीचं वय आता पंचावन्नच्या आसपास असेल. कुठे असते, ठाऊक नाही. १९८१ चं गुणपत्रक दुरुस्त करायची मुदत केव्हाच संपली. तरी माझ्या हिशेबी तिला दहापैकी दहा. 'अपूर्ण' हा शेरा मी माझ्या नावापुढे लिहिला आहे.

संक्रांत तोंडावर आली आहे, मंडळी. या वेळी एकाच माणसाला, पण स्वतः आखून, कार्ड पाठवा. विजेचं बिल उलटं करा, आयत काढा, आणि आधी आतलं पान. आणि भाचीबाई, तुझ्या पुढच्या कार्डात एक मोती कमी लावलास तरी चालेल. त्या जागी दाढेचं लिही.